डावा गुडघा

"वर जाताना धडका पाय आधी, खाली येताना दुखरा. उलटं केलंस की पडलीस बघ."

सासूबाईंचा आवाज. त्यांना जाऊन बराच काळ लोटला होता, पण आवाज कुठे गेला नव्हता. पायरी दिसली की तो कानाशी येऊन बसायचा. धाकटीने मुकाट्याने उजवा पाय उचलून पलंगापाशी ठेवलेल्या लाकडी पायरीवर टेकवला, पलंगाची कड घट्ट धरली आणि डावा पाय मागून ओढून घेतला. बाजारातून घरी यायला कुरकुरणाऱ्या पोराला ओढावं, तसा.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला, काकू?" हात धुता धुता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय?"

"चढताना चांगला पाय आधी. आम्ही घसा कोरडा करून सांगतो, कोणी ऐकत नाही."

"सासूबाईंनी. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते."

"दोन्ही? मग त्या धडका कुठला धरायच्या?"

"म्हणायच्या, आज जो कमी कुरकुरेल तो."

डॉक्टरीणबाई हसल्या. वयाने त्या धाकटीच्या लेकीएवढ्या असतील. खोली पांढरी होती, पडदा फिकट निळा, आणि खिडकीच्या काचेतून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा पातळ. धाकटी उताणी झाली. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल आला. कितीतरी दिवसांत ती अशी भरदिवसा आडवी झाली नव्हती. पाठीला काय करावं ते कळेना.

तिला धाकटी म्हणत, ते दोन भावांच्या दोन बायकांतली धाकटी म्हणून. भाऊ एकामागून एक गेले, सासूबाई गेल्या, नाव तेवढं राहिलं. केस पिकले तरी अख्ख्या गल्लीची ती धाकटीच, आणि तिची जाऊ थोरली. थोरली चौथ्या मजल्यावर राहायची. धाकटी तळमजल्यावर, इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत. मधे एक जिना होता; उभा, अंधारा, वळणावर कठडा नसलेला. त्या जिन्याने दोघींपैकी कोणीच वरखाली करत नसे. धाकटीला गुडघा नडायचा आणि थोरलीला वळणावर घेरी यायची.

म्हणून इमारतीच्या आतल्या चौकात एक दोरी होती. वर थोरलीच्या खिडकीला कप्पी, खाली वेताची टोपली, आणि दोरीला बांधलेली एक लहानशी घंटी. उसवलेलं, बटण तुटलेलं, गळपट्टी विरलेलं कापड टोपलीत बसून वर जायचं. थोरली ते शिवायची आणि खाली सोडायची, मग धाकटी त्यावर इस्त्री फिरवायची. भाजी वर जायची, धुतलेले डबे खाली यायचे. बोलणंही त्याच वाटेने, माना वर करून आणि माना खाली घालून. दोघींनी एकमेकींचा चेहरा असा समोरासमोर पाहिल्याला युगं झाली होती. थोरलीला धाकटीचा भांग ठाऊक होता; धाकटीला थोरलीची हनुवटी आणि चौकटीवर टेकलेले दोन हात.

धाकटीचा एक नेम होता, कोणाला न सांगितलेला. पहाटे देवापुढे दिवा लावायचा, आणि वरून घंटी वाजेपर्यंत पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. घंटी वाजली म्हणजे थोरली उठली, आणि थोरली उठली म्हणजे दिवस उजाडला. तोवर बाहेर कितीही ऊन पडो, तिच्या लेखी झुंजूमुंजूच.

अलीकडे दिवस उशिरा उजाडायला लागला होता.

थोरलीचा खांदा धरला होता. हात वर जाईना. टोपली पूर्वी सरसर चढायची, ती आता दुसऱ्या मजल्यापाशी दम खायची, हेलकावत राहायची, आणि चौकातली कबुतरं तिच्याकडे मान वाकडी करून बघायची. धाकटीने कोणाला न सांगता ओझं कमी केलं. आधी चार कपडे पाठवायची, मग दोन, मग एकच सदरा. बटाटे बंद केले, पालेभाजी सुरू केली. थोरलीनेही एकदाच विचारलं होतं, "हल्ली लोकांचे कपडे फाटत नाहीत वाटतं?" आणि धाकटीने वर न बघताच म्हटलं होतं, "चांगलं कापड निघालंय आता, ताई."

मग एक दिवस थोरली खिडकीतून ओणवी झाली तेव्हा तिचे केस सुटे लोंबले. कुठेच न बांधलेले, पांढरे, वाऱ्यावर हलणारे. थोरलीची घट्ट वेणी म्हणजे घराण्याची खूण. वीज पडली तरी तीतला एक केस हलणार नाही, असं सासूबाई म्हणत.

"वेणी नाही घातली आज?"

"हात मागे जाईल तेव्हा ना."

"मी... मी घालून दिली असती हो. हा गुडघा मेला."

"मग बरा कर की तो. बरा झाला की वर ये. वेणी घाल, चहा पी आणि जा."

"येईन की. दुखायचा थांबला की त्याच दिवशी."

"शब्द दिलास हं."

"दिला."

शब्द द्यायला काय लागतं? जिना तिथे होता, गुडघा इथे होता, आणि बरं होण्याचं तर कोणी नावही काढत नव्हतं. पण शेजारच्या खोपट्याएवढ्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी बसत. त्यांच्या कानाला चौकातलं सगळं ऐकू यायचं. त्यांच्या अंगठ्याच्या बुंध्यात डॉक्टरीणबाईंनी मागे सुई दिली होती, आणि तेव्हापासून ते बारीक चिमटा पुन्हा धरू लागले होते. त्यांनी पिच्छाच पुरवला. "धाकट्या वहिनी, घड्याळ बंद पडलं की आपण काय करतो? उघडून तेलाचा थेंब घालतो. गुडघ्यानं काय घोडं मारलंय?" शेवटी त्यांनीच गाडी बोलावली आणि तिला इथवर आणून सोडलं. आता ते बाहेर बाकावर बसून भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय म्हणून कोणाशी तरी वाद घालत होते.

"साखर? रक्त पातळ करायची गोळी? कुठे जखम, ताप?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. धाकटी प्रत्येकाला नाही म्हणत गेली. गुडघ्यावर गार काहीतरी फिरलं, तपकिरी, वासाचं. मग गुळगुळीत यंत्र टेकलं आणि बाजूच्या पडद्यावर करड्या रंगाचं पाणी हलू लागलं. त्या पाण्यात पांढुरक्या रेषा होत्या, खोल काळी दरी होती, आणि दरीत काहीतरी हळूहळू डुलत होतं.

"हा तुमचा गुडघा, आतून."

"एवढा अंधार?"

"तो अंधार म्हणजे साचलेलं पाणी. आधी ते काढू, मग औषध घालू. चिमटा बसेल."

चिमटा बसला. मग तो भाग दुसऱ्याच कोणाचा झाला. पडद्यावर एक चकचकीत रेघ काळ्या दरीत शिरली, पाण्यात पडलेल्या चंद्राच्या कवडशासारखी, आणि दरी अरुंद होऊ लागली. नळीत पिवळसर, पातळ तेलासारखं पाणी चढत होतं. धाकटीने तिकडून नजर काढली आणि छताकडे लावली.

"बोलत राहा काकू, लक्ष तिकडे जायला नको. जिना कधीपासून बंद आहे?"

"गुडघा धरला तेव्हापासून."

"आणि गुडघा कधी धरला?"



छतावर ओलीचा एक डाग होता, घडी घातलेल्या शालीसारखा. तिला शाल दिसली. सासूबाईंची, राखी रंगाची, मऊ झालेली. सासूबाई वारल्या त्या वर, थोरलीच्या खोलीत. सगळं आटोपल्यावर एका दुपारी धाकटी चार मजले चढून वर गेली होती, सासूबाईंच्या वासाचं काहीतरी जवळ असावं म्हणून. दार थोरलीने उघडलं होतं. कित्येक रात्रींच्या जागरणाने तिचे डोळे खोल गेले होते. तिने दारातच म्हटलं होतं, "न्यायचं ते ने. आणि एकदाच काय ते ने."

एवढंच. आवाजही चढवला नव्हता. धाकटी काही न बोलता, काही न घेता उतरली होती. आणि ती उतरली कशी होती? पडद्यावर पाणी हलत राहिलं, आणि त्या करड्या पाण्यातून तिला स्वतःचे पाय दिसले. भरभर, एकेक पायरी गाळत, वळणावर भिंतीला हातसुद्धा न लावता. धडका पाय नव्हता, दुखरा पाय नव्हता. दोन पाय होते नुसते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चौकात काहीतरी हेलकावत खाली आलं होतं. दोरी, टोपली, आणि टोपलीत राखी शाल. धाकटीने शाल काढून घेतली. रिकामी टोपली परत पाठवणं बरं नव्हे, म्हणून दुकानातले थोरलीचेच इस्त्री केलेले अभ्रे तीत ठेवले. टोपली वर गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली आली. असं ते सुरू झालं. टोपली का, असं पहिल्यांदा कोणीतरी विचारलं तेव्हा तोंडाशी जे आलं ते तिने सांगून टाकलं होतं, गुडघा हो. मग काही काळाने गुडघा खरोखरच आला. बोलावल्यासारखा.

"काकू?"

"आठवत नाही हो," धाकटी म्हणाली. "फार दिवस झाले."

"झालं बघा." सुई निघाली होती. कापसाचा बोळा आणि पट्टी. "आता ऐका. आत्ता अजिबात दुखणार नाही, कारण बधीर केलंय. त्याला भुलू नका. संध्याकाळी किंवा उद्या थोडं जास्तच दुखेल, बर्फाने शेका. दोन दिवस आराम, जिना नाही. तीन-चार दिवसांत औषध लागू पडेल. किती दिवस पुरेल ते मी सांगू शकत नाही. कोणाला काही आठवडे पुरतं, कोणाला काही महिने. झीज भरून येत नाही याने. उसनी सवलत आहे ही, तेवढ्यात मांडीचे स्नायू घट्ट करून घ्या. बसल्या बसल्या पाय सरळ उचलायचा, असा. आणि चालायचं. वापरायचा तो गुडघा."

"खांद्याला देतात का हो सुई?"

"देतात. कोणाच्या?"

"माझ्या जाऊबाईंच्या. हात वर जात नाही त्यांचा."

"मग आणा की त्यांना."

धाकटी पलंगावरून उतरली. खाली येताना दुखरा पाय आधी. डावा पाय फरशीला टेकला आणि ती थबकली. काहीच झालं नाही. फरशीवर नव्हे, आपण एखाद्या ढगावर उभ्या आहोत असं तिला वाटलं. जिथे इतकी वर्षं कोणीतरी राहत होतं ती खोली एकाएकी रिकामी झाल्यावर आपलाच आवाज घुमावा, तसं काहीतरी गुडघ्यात घुमत होतं.

गाडीत घड्याळजी म्हणाले, "काय, टिकटिक सुरू झाली की नाही?"

"बधीर आहे म्हणाल्या ते. भुलू नका म्हणाल्या."

"डॉक्टर लोक आनंदसुद्धा नेहमी अट घालूनच देतात."

ती दुकानात शिरते न शिरते तोच चौकात घंटी वाजली. ती बाहेर आली. वर, चौकोनी आभाळाच्या कडेशी, दोन हात आणि हनुवटी.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"दोन दिवस जिना चढायचा नाही म्हणाल्या." हे सांगताना आपल्या आवाजात केवढा हुरूप आलाय, ते धाकटीला स्वतःलाच ऐकू आलं. तिने तो जरा खाली आणला. "आराम सांगितलाय."

"बरं. मग दोन दिवसांनी."

"बघू. कोणाला लागू पडतं, कोणाला नाही."

"तुला पडेल. तू कधी कुठलं औषध वाया घालवलं आहेस?"

संध्याकाळी गुडघा ठणकायला लागला, सांगितल्याबरहुकूम. धाकटीने बर्फाचा तुकडा फडक्यात बांधला आणि गुडघ्यावर धरला. पाणी पोटरीवरून ओघळत होतं, पाय भणभणत होता, आणि ती मात्र पाळण्याला झोका द्यावा तशी हळूहळू डुलत, आतल्या आत काहीतरी गुणगुणत बसली होती. दुखण्यावर ठेवलेला हात इतका हलका होता की बघणाऱ्याला वाटावं, ती त्याला झोपवत नाहीये, जागं ठेवतेय.

तिसऱ्या दिवशी ठणका उतरला. चौथ्या दिवशी, पहाटे, तिने दिवा लावला, हात जोडले आणि डोळे मिटले. गेली कित्येक वर्षं ती देवापुढे उभीच राहायची. "माझा नमस्कार उभ्यानेच घे रे बाबा" असं रोज म्हणायची. आज डोळे उघडले तर दिव्याची ज्योत तिच्या डोळ्यांच्या समोर होती. खाली नव्हे, समोर. तिला क्षणभर कळेना, दिवा वर कसा आला. मग कळलं. ती गुडघ्यांवर बसली होती. कधी बसली, कशी बसली, पत्ता नाही. देहाने मनाला न विचारताच नमस्कार उरकून घेतला होता.

ती तशीच बसून राहिली. ज्योत हलत नव्हती. बाहेर घंटी वाजली, दिवस उजाडला, तरी ती उठली नाही. देवाला कळलं होतं, त्याच्यापुढे काही चालणार नव्हतं. माणसांना कळायची काही घाई नव्हती.

दुकान उघडायला ती लंगडत आली.

आधी जरासं, सवयीने. मग कोणी समोर दिसलं की नीट. इस्त्री तापली, वाफ उठली. ओल्या सुती कापडाचा तो ऊनऊन वास खोलीत भरला आणि ती वाफेतून इकडून तिकडे जात राहिली, टेबलापासून फळीपर्यंत, फळीपासून दारापर्यंत, कोणी बघत असताना लंगडत आणि कोणी बघत नसताना नुसतीच चालत. एकदा खाली पडलेलं बटण तिने टपकन बसून उचललं आणि चोरी केल्यासारखी मागे वळून पाहिलं. आपल्याला काय झालंय, असं तिने स्वतःला विचारलं नाही. वाफेत माणसाला फार विचार सुचत नाहीत, हा त्या धंद्यातला एक फायदाच म्हणायचा.

वर गेलं तर काय होईल? वेणी घालायची, चहा प्यायचा, एवढंच तर. पण वर ते दार होतं. दोरीवरून इतकी वर्षं बोलणं चाललं होतं ते तोल सांभाळून. टोपलीत मावेल एवढंच बोलायचं, जड काही घालायचं नाही. दारात उभं राहिलं की टोपली मधे नसणार. आणि त्या दारात पुन्हा तेच ऐकू आलं तर? नाही आलं, पण थोरलीच्या डोळ्यांत दिसलं तर? आतापर्यंत गुडघ्याने निभावून नेलं होतं. तो बिचारा दुखत होता, म्हणून तर सगळं सुखात चाललं होतं.

"अजून दुखतंय, वहिनी?" डोळ्याला भिंग लावलेल्या घड्याळजींनी दुकानातून विचारलं.

"दुखतंय हो. कमी आहे, पण दुखतंय."

घड्याळजींनी भिंग न काढताच तिच्या पावलांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. मग समोरच्या उघड्या घड्याळात डोकं घातलं.

दुपारी ती धुतलेल्या चादरी वाळत घालायला चौकात गेली. ऊन सरळ खाली उतरलं होतं. पांढऱ्या चादरींच्या मधून जाताना आपण कुठल्या तरी स्वप्नातल्या गल्लीतून चाललोय असं वाटत होतं. दोन्ही बाजूंना उजेडाच्या भिंती, आणि त्या श्वास घेतायत. ती एका टोकाला जायची, चिमटे लावायची, दुसऱ्या टोकाला यायची. लंगडत. वर न बघताही तिला ठाऊक होतं की खिडकीत कोणीतरी आहे.

"धाकटे."

"काय, ताई?"

मग थोरली म्हणाली, सावकाश, एखादा टाका उसवावा तितक्या हळू हाताने,

"आज उजव्यानं लंगडतेस."

धाकटी उभी राहिली.

"दुखरा डावा होता ना गं?"

एक चादर फुगली, धाकटीच्या अंगावर आली, तिला पूर्ण झाकून पुन्हा मागे गेली. तेवढा वेळ तिला आभाळ दिसलं नाही. चादर बाजूला झाली तेव्हा वर बघायचा धीर होईना. ती आपल्या दोन पावलांकडे बघत राहिली, शेजारी शेजारी उभी असलेली दोन लबाड माणसं बघावी तशी. कान तापले होते. आता थोरली हसेल, म्हणजे सुटले, असं तिला वाटलं. थोरली हसली नाही.

"असू दे," वरून आवाज आला. "दमतात गं. दोन्ही पाय दमतात. डाव्याचं ओझं इतके दिवस उजव्यानंच वाहिलं ना. मलाही..." ती थांबली. "मलाही परवा जिन्याच्या वळणापर्यंत जाऊन बघावंसं वाटलं. गेले."

"मग? घेरी?"

"आली नाही."

कबुतरं फडफडली आणि पुन्हा बसली. कुठल्या तरी मजल्यावर भांडं पडलं आणि गोल फिरत फिरत थांबलं.

"आली नाही, आणि मी परत फिरले," थोरली म्हणाली. "पुढे अजून बऱ्याच पायऱ्या होत्या. आणि खाली गेल्यावर तू काय म्हणशील, कोणास ठाऊक."

धाकटीने आता वर पाहिलं. ऊन डोळ्यांत आलं. उन्हात हनुवटी दिसत नव्हती, हात दिसत नव्हते. पांढरे केस तेवढे दिसत होते, सुटे, कडेने पेटलेले.

"सदरा झालाय," थोरली म्हणाली. आवाज रोजचा झाला होता. "गळपट्टी उलटवलीय. टोपली ओढून घेऊ का वर?"

"नको."

"काय?"

"नको, ताई. राहू द्या. मीच वर येऊन घेते."

मग थोरली म्हणाली, "चहात साखर किती घालतेस, विसरले मी."

"अर्धा चमचा."

"पूर्वी तर दोन घ्यायचीस."

"पूर्वी."

धाकटीने दोरीची गाठ सोडून टोपली दारापाशी ठेवली, आत येऊन इस्त्री बंद केली आणि उभी करून ठेवली. टेबलावर अर्धवट राहिलेली चादर तिने उगाचच पुन्हा एकदा घडी केली. मागच्या खोलीत दिवा शांत झाला होता. त्याच्या शेजारी, कोनाड्यात, राखी शाल होती. दर ऋतूला ती काढून ऊन दाखवून, हलक्या हाताने इस्त्री करून परत ठेवली जायची, पांघरली कधीच जात नसे. आज तिने ती खांद्यावर घेतली. जिन्यात गार असतं. मग आरशापाशी जाऊन फणी घेतली, जाड दातांची, आणि कमरेला खोचली. पेल्यात पाणी होतं ते उभ्या उभ्या प्यायली. सकाळपासून पाणी पोटात गेलं नव्हतं. घंटी केव्हाच वाजली होती, पण आज ते तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"दुकान बघा हो जरा," तिने घड्याळजींना म्हटलं.

"किती वेळ?"

"वेळ तुम्ही मोजा. ते काम तुमचं."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं, ती कुठे चाललीय ते पाहिलं, आणि पुन्हा लावलं.

जिन्याच्या तोंडाशी ओल्या चुन्याचा वास होता, पूर्वीचाच. पायऱ्या मधे झिजून खोलगट झाल्या होत्या. त्यांत सासूबाईंची पावलं होती, दोघा भावांची होती, आणि तिचीही, भरभर उतरून गेलेली. वरून कुठून तरी उजेडाचा एक पट्टा वळणापर्यंत आला होता आणि तिथे वाट बघत असल्यासारखा थांबला होता.

वर जाताना धडका पाय आधी.

धडका कुठला? ती क्षणभर तिथे उभी राहिली, दोघांना विचारत असल्यासारखी. कोणी कुरकुरलं नाही. मग तिने भिंतीला हात टेकला आणि डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

तेवढ्यात मागे चौकात कप्पी करकरली. धाकटीने मान वळवून पाहिलं. रिकामी दोरी वर चालली होती. टोपली नव्हती, टोपली खाली दारापाशीच होती. नुसती दोरी आणि घंटी. थोरली एका हाताने ती ओढून घेत होती, थांबत, पुन्हा ओढत. घंटी मधूनच वाजत, चादरींच्या वर, दुसऱ्या मजल्याच्या वर, उन्हात दिसेनाशी झाली.

धाकटी दुसरी पायरी चढली.